सेनिओच्या बांधावर : इटलीतील युद्धाचे अखेरचे महिने

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, ते बहुधा बर्लिन आणि हिरोशिमा या दोन नावांभोवतीच फिरते. बर्लिन पडण्याच्या सुमारास जर्मनांविरुद्धच्या आणखी एका दीर्घ मोहिमेची अखेर इटलीत होत होती, आणि त्या अखेरीत मराठा पलटणींचा वाटा मोठा होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आमच्या बेळगावात आहे. कॅम्पातून येता-जाता त्याच्या फाटकावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. परंतु पानिपतावर दोन तास बोलू शकणारे आमचे स्नेही सेनिओ हे नाव उच्चारताच प्रश्नार्थक मुद्रेने पाहू लागतात. पानिपत आपल्याला मुखोद्गत आहे, कारण ते आपले होते. सेनिओ आपली होती की नव्हती, हेच अद्याप ठरलेले नाही.

या मोहिमेच्या अखेरच्या महिन्यांसंबंधी एक प्रश्न आम्हांला बरीच वर्षे पडलेला आहे. ज्या दिवसांत सेनिओ नदीच्या पाण्यात आपले शिपाई मरत होते, त्याच दिवसांत स्वित्झर्लंडमध्ये जर्मन आणि दोस्त राष्ट्रांचे अधिकारी शरणागतीची बोलणी करीत होते. मग ती लढाई हवीच कशाला होती? इंग्रजीत या मोहिमेवर टीका करणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांतील काहींचे म्हणणे असे की, जर्मनीचा शेवट दिसत असताना इटलीत नव्याने चढाई करणे म्हणजे माणसांची उधळपट्टी होती. हे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. म्हणून प्रथम घडले काय ते पाहू.

दोस्त सैन्य जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरले, सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर आले, आणि रोम हाती येण्यास ४ जून १९४४ उजाडला. त्यानंतर दोनच दिवसांनी नॉर्मंडीची मोहीम सुरू झाली आणि जगाचे लक्ष इटलीवरून उडाले. सैन्यही तिकडे वळू लागले. दक्षिण फ्रान्समध्ये उतरण्यासाठी इटलीतील उत्तमोत्तम डिव्हिजन काढून घेतल्या गेल्या. हिंदुस्थानी सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी. शिवाय एक स्वतंत्र गुरखा ब्रिगेड होती. यांपैकी चौथी डिव्हिजन १९४४ च्या अखेरीस ग्रीसला गेली. एकंदर सुमारे ५०,००० हिंदी सैनिक या मोहिमेत होते असा हिशेब दिला जातो. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैन्यातील जवानांना मिळाले. कमलराम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव ही ती सहा नावे.

यांतील नाईक यशवंत घाडगे हे माणगावजवळच्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसे भरण्यास वेळ नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने झोडपून मारले. लगेच दबा धरून बसलेल्या नेमबाजाची गोळी लागून ते पडले. त्यांची कबर वा समाधी कोठे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे आहे.

१९४४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस जर्मनांची 'गॉथिक लाइन' फुटली. परंतु शत्रू मोडला नाही. पावसाळी शरद आला, मग बर्फ आले. अ‍ॅपेनाइन पर्वतातून उतरलेल्या सैन्यापुढे रोमान्याचे सपाट मैदान पसरले होते. नकाशावर हे मैदान रणगाड्यांसाठीच घडवल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते म्हणजे एकामागून एक आडव्या येणाऱ्या नद्या, कालवे आणि गुडघाभर चिखल. एक नदी ओलांडावी तो पुढची तयारच. त्यातून ऐन हिवाळ्यात तोफगोळ्यांची टंचाई झाली आणि फेब्रुवारीत कॅनडाची कोअर वायव्य युरोपात हलवली गेली. डिसेंबरच्या अखेरीस सेर्किओ खोऱ्यात जर्मनांनी अमेरिकन फळी अकस्मात मागे रेटली, तेव्हा ते भगदाड बुजविण्यासाठी आठव्या हिंदी डिव्हिजनला घाईने पश्चिमेकडे धाडण्यात आले. रसेल हे त्या डिव्हिजनचे सेनापती. १९४५ च्या आरंभी आघाडी सेनिओ नदीवर येऊन थांबली आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तेथेच राहिली.

सेनिओ ही काही मोठी नदी नव्हे. आपली घटप्रभा किंवा मलप्रभा डोळ्यांसमोर आणणाऱ्या वाचकाला ती ओढाच वाटावी. तिचे खरे बळ बांधांत होते. पर्वतातून येणाऱ्या पुरापासून शेते वाचावीत म्हणून तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या दोन्ही तीरांवर मातीचे उंच बांध घातले आहेत. नदी या दोन भिंतींमधून वाहते आणि बांधावर डोके वर काढल्याशिवाय पलीकडचे काही दिसत नाही. जर्मनांनी या बांधांच्या पोटात बोगदे आणि खोल्या खणल्या, आतल्या उतारांवर मशीनगना बसवल्या आणि कडेने सुरुंग पेरले. कित्येक ठिकाणी एकाच बांधाच्या एका अंगाला दोस्त शिपाई आणि दुसऱ्या अंगाला जर्मन अशी स्थिती महिनोन् महिने होती. मध्ये काही हात माती. पलीकडच्या खोकल्याचा आवाज अलीकडे ऐकू यावा इतके ते शेजार होते. कोटिन्योला, आल्फोन्सिने, फुझिन्यानो या काठच्या गावांची त्या हिवाळ्यात धूळधाण झाली.

वसंतातील चढाईची आखणी वरिष्ठांनी कसून केली होती. अलेक्झांडर आता संपूर्ण भूमध्य क्षेत्राचे प्रमुख झाले होते, त्यांच्या जागी मार्क क्लार्क आले होते. आठव्या आर्मीची सूत्रे मॅकक्रीरींकडे आणि अमेरिकन पाचव्या आर्मीची ट्रस्कॉटकडे होती. मॅकक्रीरींनी सेनिओवर आघात करून पुढे कोमाक्कियो सरोवराच्या दलदलीलगतच्या अरुंद पट्टीतून, अर्जेंटा गावाजवळून, उत्तरेकडे मुसंडी मारावी. मग ट्रस्कॉटनी डोंगरांतून बोलोन्याकडे उतरावे, आणि पो नदीच्या दक्षिणेस शत्रूला कोंडून संपवावे, असा बेत होता. सेनिओवर पाचव्या कोअरच्या आघाडीला दोन डिव्हिजन होत्या, उजवीकडे आठवी हिंदी आणि डावीकडे न्यूझीलंडची. त्यांच्याही डावीकडे अँडर्सची पोलिश कोअर.

या पोलिश सैनिकांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत पूर्व पोलंड रशियाच्या पदरात टाकण्याचे ठरले होते. अँडर्सच्या अनेक शिपायांची घरे त्याच मुलुखात होती. परत जाण्यास देश उरला नाही हे कळल्यानंतरही ती कोअर आघाडीवर राहिली आणि २१ एप्रिलला बोलोन्यात प्रथम शिरली. ज्यांचा देश गमावला गेला ते पोलिश आणि ज्यांचा देश अद्याप त्यांचा झालाच नव्हता ते हिंदी शिपाई, असे दोन शेजारी एका तिसऱ्याच देशाच्या मुक्ततेसाठी एकाच नदीत उतरले. इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

९ एप्रिलला दुपारी आठशेहून अधिक जड बॉम्बफेकी विमानांनी जर्मन फळीच्या मागील बाजूवर बारीक बॉम्बांचा वर्षाव केला. काही बॉम्ब चुकून पोलिश सैनिकांवरच पडले. पुढे तोफा सुरू झाल्या. तोफांचा मारा थांबे, जर्मन बोगद्यांतून बाहेर येऊन मशीनगनांमागे बसत, आणि पायदळाऐवजी पुन्हा मारा सुरू होई. असे अनेकदा झाले. शेवटच्या खेपेस विमाने खाली झेपावली ती बॉम्ब न टाकताच गेली. जर्मन डोकी खाली घालून बसलेले असताना संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पायदळ निघाले. बांधांवर ज्वालाक्षेपक रणगाड्यांनी आग ओकली. इतके करूनही सगळ्या चौक्या मेल्या नव्हत्या.

पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे 'जंगी पलटण', आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. शिपाई नामदेव जाधव हे तिच्यातील एका कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. संगमनेरकडील निमज हे त्यांचे गाव, वय तेवीस. कंपनी कमांडरसोबत ते नदीत उतरले तेव्हा पूर्वेकडील बांधाच्या आतल्या उतारावरून निदान तीन जर्मन चौक्यांनी मारा सुरू केला. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे मेले, जाधव तेवढे धड राहिले. त्यांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. परत जाऊन दुसऱ्याला आणले. दोन्ही वेळा तोफा आणि मशीनगना चालूच होत्या.

येथपर्यंतचे काम एका माणसाला पुरेसे होते. जाधव तिसऱ्यांदा पाण्यात उतरले. जवळची चौकी त्यांनी टॉमीगनने बंद पाडली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले. ते संपल्यावर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले आणि उरलेल्या दोन चौक्या संपवल्या. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, तोफगोळे पडत असताना, मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी मागच्या कंपन्यांना हात हलवून बोलावले. छत्रपतींच्या नावाचा घोष रोमान्याच्या मैदानात उठला तो असा.

त्याच संध्याकाळी, त्याच डिव्हिजनच्या आघाडीवर, फुझिन्यानोजवळ तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर आपल्या प्लॅटूनपैकी अवघ्या दोघांसह पैलतीरी पोचले. हुकमाची वाट न पाहता त्यांनी एक चौकी घेतली, जखमी झाले. दुसरीवर गेले, अधिकच जखमी झाले, आणि सरपटत जाऊन तीही घेतली. मग बाकीची कंपनी पार झाली. वायव्य सरहद्दीवरील कोहाटकडचे ते राहणारे. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, लुगो गाव हिंदी सैन्याने मुक्त केले.

पुढची हकीकत वेगाने सांगता येते, कारण ती घडलीही वेगाने. सांतेर्नो नदी पार झाली, १४ एप्रिलला पाचवी आर्मी निघाली, १८ च्या सुमारास अर्जेंटाची पट्टी फुटली. जर्मन सेनापती फीटिंगहॉफ याने पोच्या मागे हटण्याची परवानगी मागितली होती. बर्लिनहून ती नाकारली गेली. २० एप्रिलला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर माघारीचा हुकूम दिला, पण उशीर झाला होता. पूल बॉम्बहल्ल्यांनी मोडले होते, आणि पोच्या दक्षिण काठावर तोफा, गाड्या, घोडे टाकून जर्मन शिपाई मिळेल त्या साधनाने नदी ओलांडू लागले. २५ एप्रिलला उत्तर इटलीतील शहरांत उठावाचा पुकार झाला. आजही तो दिवस इटलीत मुक्तिदिन म्हणून पाळतात. २८ ला मुसोलिनी मारला गेला. २९ ला कासेर्ता येथे शरणागतीवर सह्या झाल्या आणि २ मे रोजी ती अमलात आली. तीत सापडलेल्या जर्मन सैन्याची संख्या दहा लाखांच्या घरात सांगतात. शेवटच्या चढाईत दोस्तांची सोळा हजारांवर माणसे कामास आली किंवा जखमी झाली.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांत फायली चाळल्याने आम्हांला एक सवय लागली आहे. कोणत्याही वादात आम्ही आधी तारखा एकाखाली एक लिहून काढतो. येथेही तसेच केले.

इटलीतील एस. एस. दलाचा प्रमुख कार्ल वोल्फ ८ मार्च १९४५ ला झुरिक येथे अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या अ‍ॅलन डलेस यांना भेटला. १९ मार्चला आस्कोना येथे अलेक्झांडर यांच्या कचेरीतील दोन जनरल साध्या वेशात त्याला भेटले. म्हणजे सेनिओवरील आघाताच्या आधी तीन आठवडे अलेक्झांडर यांना सगळे ठाऊक होते. एवढ्यावरून टीकाकारांचा पक्ष खरा वाटू लागतो. पण फाइल पुढे वाचली की चित्र बदलते. वोल्फ पोलिसी दलाचा प्रमुख होता. आघाडीवरच्या सैन्यावर त्याचा हुकूम चालत नव्हता. ज्याच्याशी त्याचे जमेल असे वाटत होते तो केसेलरिंग मार्चमध्येच पश्चिम आघाडीवर गेला, आणि त्याच्या जागी आलेला फीटिंगहॉफ शस्त्रे ठेवण्यास तयार नव्हता. इकडे स्टालिनने या गुप्त भेटींवर संतापून रूझवेल्टला पत्रे धाडली. १२ एप्रिलला रूझवेल्ट वारले, आणि २० एप्रिलच्या सुमारास डलेस यांना बोलणी तोडण्याचा हुकूम झाला. फीटिंगहॉफ आपल्या मुखत्यारासह वोल्फला स्वित्झर्लंडला धाडतो ती तारीख आहे २३ एप्रिल. म्हणजे सेनिओ, सांतेर्नो, अर्जेंटा आणि बोलोन्या हातचे गेल्यावर, पोच्या काठी सैन्याची वाताहत होत असताना.

तेव्हा आमचे मत असे की, बोलण्यांनी लढाई अनावश्यक झाली नव्हती. लढाईने बोलण्यांना किंमत आली. सेनिओ ओलांडली नसती तर ते सैन्य शिस्तीने आल्प्सच्या पायथ्याशी जाऊन बसले असते आणि उत्तर इटलीतील माणसे आणखी काही आठवडे त्यांच्या ताब्यात राहिली असती. त्यांच्या ताब्यात राहणे म्हणजे काय, हे त्या देशाने अनुभवले होते. बोलोन्याजवळच्या मार्त्साबोत्तो परिसरात १९४४ च्या शरदात जर्मनांनी शेकडो गावकरी, त्यांत बायकामुले, ठार मारली होती. ब्रिटिशांचा डोळा त्रिएस्ते बंदरावरही होता, तेथे टिटोच्या सैन्याआधी पोचावे अशी घाई त्यांना होती, हे खरेच. साम्राज्याचे हेतू कधी निर्मळ नसतात. पण हेतू निर्मळ नव्हता म्हणून लुगोच्या लोकांची सुटका खोटी ठरत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न आपल्या घरचा आहे. हे युद्ध जाधवांचे होते काय? १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले होते. १९४२ च्या आंदोलनातील कित्येक नेते सेनिओच्या वेळीही तुरुंगात होते. दुसरीकडे सुभाषबाबूंच्या प्रेरणेने युरोपात उभ्या राहिलेल्या आझाद हिंद तुकडीची एक कंपनी १९४४ मध्ये याच इटलीत जर्मनांच्या बाजूने आली होती. स्वातंत्र्यानंतर आपल्या मनात आझाद हिंद सेनेला मानाचे पान मिळाले आणि ते योग्यच होते. पण त्या पंगतीत इटलीहून परतलेल्या शिपायाला कोठे बसवावे हे आपल्याला सुचले नाही. तो साम्राज्याचा नोकर म्हणून मागे राहिला. गाव दुष्काळी, जमीन दोन-चार एकर, पलटणीत पगार नक्की, अशा हिशेबाने कित्येकांनी भरती पत्करली. परंतु पगारासाठी तिसऱ्यांदा नदीत कोणी उतरत नाही.

तालुका कचेरीत असताना दुसऱ्या महायुद्धातील निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले आहेत. युद्ध संपताच फौज कमी झाली आणि पुरेशी सेवा न भरलेले हजारो जण पेन्शनशिवाय घरी आले. म्हातारपणी सरकारी साह्यासाठी त्यांना अर्ज करावा लागे. जुन्या कागदांत परदेशातील सेवेपुढे नुसते 'सी. एम. एफ.' असे लिहिलेले आढळे. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, अर्थात इटली. समोरच्या वृद्धाला त्याविषयी विचारले तर नदीचे नाव त्याला आठवत नसे. थंडी आणि चिखल आठवे. एका अर्जावर 'सी. एम. एफ. म्हणजे काय याचा खुलासा व्हावा' असा शेरा मारून प्रकरण परत पाठवलेले आम्ही पाहिले आहे. खुलासा होईतो किती दिवस गेले ते लिहीत नाही.

अलीकडे इटलीतच या माणसांची आठवण अधिक होऊ लागली आहे. २०२३ मध्ये मोंतोने या गावी यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. नामदेव जाधव घरी परतले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले. अली हैदर यांची पलटण फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तेही तिकडचे झाले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. एका संध्याकाळी एका नदीत पराक्रम केलेल्या या दोन शिपायांची नावे आता दोन देशांच्या दोन वेगळ्या पुस्तकांत आहेत.

इटलीत पडलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ५,७८२ दिली जाते. सेनिओपासून फार दूर नसलेल्या फोर्ली शहरात हिंदी सैन्याचे युद्धस्मशान आहे. ज्यांचे दफन झाले त्यांच्या कबरी तेथे रांगेने आहेत, आणि ज्यांना अग्नी दिला गेला त्यांची नावे त्याच आवारातील स्मारकावर कोरलेली आहेत.